रंभाबाईचं घंगाळ

रेडिएटरखालची तोटी वाल्मीकने सोडली आणि आतून पाण्याऐवजी आंबील आली.

घट्ट, तांबूस, अजून वाफा टाकणारी. खळ्यातल्या शेणसारवणावर तिचं थारोळं झालं. भोवती उभं असलेलं सगळं घर ते बघत राहिलं. वास ओळखीचा होता, त्यामुळे कुणी काही विचारायचं कारण नव्हतं. वाल्मीकच्या बायकोच्या, कमळच्या, कडेवर बसलेल्या देवूने तेवढं तोंड उघडलं. हा वास आला की वाटीतून काहीतरी मिळतं, एवढं त्याला आता कळायला लागलं होतं.

"आये," वाल्मीक खाली बसल्या बसल्याच म्हणाला, "मी किती टाकाय सांगितलं हुतं?"

"मूठभर."

"आनि तू किती टाकलंस?"

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. "येवढं थोरलं धूड. त्याला मूठभरानं काय हुतंय? तुज्या पोटाला न्ह्यारीला दोन भाकरी लागत्यात. मी म्हनलं, खाऊ दे पोटभर."

"किती, आये?"

"शेरभर असंल. जरा वरच."

ओट्यावर बसलेले चुलते हैबततात्या हसले नाहीत, पण तंबाखू मळणारा त्यांचा अंगठा थांबला. वाल्मीकने कपाळाला हात लावला, तेव्हा कपाळालाही नाचणी लागली.

घाटातले ड्रायव्हर गळक्या रेडिएटरात नाचणीचं पीठ टाकतात, हे त्याने देहूरोडला मिलिटरीच्या कारखान्यात मदतनीस असताना पाहिलं होतं. चिमूट-मूठ पीठ, ते गरम पाण्यात फुगतं आणि बारीक भोकं बुजवतं. भोकांबरोबर सगळ्या नळ्याच बुजल्या तर काय होतं, ते मात्र त्याने आज पाहिलं. लढाईनंतरच्या लिलावातला हा ट्रक बैलांनी ओढत वाडीवर आणला, त्याला दोन पावसाळे झाले. आज अष्टमीच्या सकाळी तो पहिल्यांदा आपल्या पायांनी निघाला. पोरं मागे धावली. वेशीपर्यंत गेला, खिंडीचा चढ लागला, आणि टोपणातून वाफेचा खांब उठला. मागच्या नळीतून पांढरा धूर आला, इंजिनाने एक उचकी दिली आणि सगळं शांत झालं. ज्या बैलांनी त्याला आणला होता, त्यांनीच परत ओढून खळ्यात लावला. बैलांना त्यात नवल काहीच वाटलं नाही.

वाल्मीकने आता इंजिनातली तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काळं असायला हवं. पट्टीवर ताक होतं.

"पानी शिरलं तेलात," तो थोरल्या भावाला, जयसिंगला म्हणाला. "ग्यासकेट गेलं, दादा."

"म्हंजी?" ओट्यावरून हैबततात्यांनी विचारलं.

"म्हंजी वरचं हेड आनि खालचं इंजिन, दोन्हीच्या मधी तांब्याचा पत्रा असतो. त्यानं पानी पान्याच्या जागी ऱ्हातं आन् आग आगीच्या जागी. त्यो फुटला."

"मंग परवाच्याला चालंल का न्हाई, तेवढं सांग."

वाल्मीक उठला, हात पुसत राहिला, आणि कमळला त्या हात पुसण्यातच उत्तर कळलं.

परवा दसरा. दसऱ्याच्या दुपारी पौडाहून यष्टी, तिथून पुणं, तिथून मुंबई. हैबततात्या तिथे डबेवाल्यांचे मुकादम. ह्या वाडीची भातखाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा मिसरूडही न फुटलेले तात्या मुंबईला गेले आणि डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन उभे राहिले. तेव्हापासून वाडीतला एकेक गडी त्यांनीच नेला. धाकट्या पुतण्यासाठीही त्यांनी लाईनीवर जागा धरून ठेवली होती. वाल्मीकने त्यांना शब्द दिला होता: दसऱ्यापर्यंत गाडी चालली तर गावोगावचा आंबेमोहोर तांदूळ पुण्याला वाहून इथेच पोट भरीन, नाहीतर पिशवी भरून तुमच्याबरोबर निघेन. तात्यांना दिलेला शब्द ह्या घरात कुणी फिरवत नसे.

कमळने देवूला दुसऱ्या कडेवर घेतलं. वाडीतले बाप वर्षाकाठी दोनदा येत, दसऱ्याला आणि शिमग्याला. थोरल्या जावेची, रंभाबाईची सखू परवा बाप दारात आला तेव्हा कणगीमागे लपली होती आणि आतून ओरडली होती, 'आये, पाव्हना आलाय.' जयसिंग हसला होता. रंभाबाई हसली नव्हती.

"तोंड कशाला पाडतीस?" आत्तासुद्धा रंभाबाई कमळच्या शेजारून म्हणाली. "मुंबईला जाऊन मानूस मरत न्हाई. आमचं बग. जगलोच न्हवं?"

"व्हय, आक्का," कमळ म्हणाली. तिच्या जावेचं बोलणं असंच, हिरव्या मिरचीसारखं. आधी तोंडात काही नाही, मग जाळ.

दिवस कलायच्या आत दोघा भावांनी रेडिएटर उतरवला, हेडच्या नटांच्या चाक्या सोडल्या आणि दोघांनी मिळून ते जडशीळ हेड उचललं.

आणि कमळने इंजिनाचं आतलं पाहिलं.

तिला वाटलं होतं आत काळोख असेल, चिखल असेल, लोखंडाचा गोतावळा असेल. पण तिथे चार गोल विहिरी होत्या, एका रांगेत, एकसारख्या, आणि त्यांच्या भिंती आरशासारख्या चमकत होत्या. सबंध ट्रक गंजलेला, रंग उडालेला, दारांना भोकं. आणि त्याच्या पोटात, जिथे कुणी कधी बघत नाही, तिथे ही चकाकी. प्रत्येक विहिरीत एक दट्ट्या बसलेला होता.

"हँडल मारा, दादा. हळू," वाल्मीक म्हणाला.

जयसिंगने पुढून हँडल फिरवलं. दोन दट्टे वर आले, दोन खाली गेले. मग जे खाली होते ते वर आले. एकाच उखळात दोघी बायका कांडतात, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि कधी आदळत नाही, तसं. कमळला आपला श्वासही त्याच ठेक्याने चालतोय असं वाटलं. सगुणाबाई जवळ आल्या, वाकून बघितलं, आणि नकळत पायांतली वहाण मागे सारली.

"ह्ये कुनी केलं असंल रं?" त्या हळूच म्हणाल्या.

"मान्सांनीच, आये."

"मान्सांनी," सगुणाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाकून बघू लागल्या.

पण दुसऱ्या दिवशी त्याच सगुणाबाईंनी वाट अडवली. नवमी उजाडली. देव्हाऱ्यासमोर पाटावर कोयते, विळे, नांगराचा फाळ ओळीने मांडले होते, आणि त्यांच्याच शेजारी वाल्मीकचे पाने, छिन्नी, हातोडा. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं फूल.

"आये, येक छिन्नी," वाल्मीक उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

"न्हाई."

"आजचाच दिस हाय माज्याकडं."

"आज खंडेनवमी. वरीसभर राबत्यात, येक दिस निजल्यात. निजलेल्याला उठवू नये. उद्या सीमोल्लंघनाला उचल."

"उद्या दुपारी यष्टी हाय."

"मला ठावं हाय यष्टी कवा हाय ती. मीबी आई हाय तुजी." त्यांचा हात दारातून हलला नाही.

ओट्यावरून तात्या म्हणाले, "वयनी बरोबर बोलत्यात. दिलेला शब्द आनि देवाम्होरं ठेवलेलं हत्यार, दोन्हीला हात लावू न्हाई."

वाल्मीक खळ्यात जाऊन चाकाला टेकून बसला. कमळ त्याच्यापाशी गेली. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून तिने देवूला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि देवूशीच बोलली.

"इचार तुज्या बापाला. रेडिएटर धुवाया हत्यार लागतं का?"

वाल्मीकने वर पाहिलं.

हत्यार लागत नव्हतं. चूल लागत होती. जोंधळ्याची पेज करपलेलं पातेलं कसं सोडवायचं, हे वाडीतल्या कुठल्या बाईला सांगायला लागतं? कमळने चुलीतली राख पाण्यात कालवून निवळ काढली, ती उकळली आणि जयसिंगने धरलेल्या रेडिएटरात ओतली. आत गुडगुड झालं. भुरकट लगदा बाहेर आला. पुन्हा ओतलं. मग चिंचेचं पाणी, हंडे-कळशा घासायचं, तेही उकळून. सगुणाबाई काही वेळ दारातून बघत राहिल्या. मग चिंचेचं गाडगंच उचलून घेऊन आल्या.

"मी घातलं, मीच काडते," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून बसल्या.

दुपार कलली तेव्हा रेडिएटरच्या नळ्यांतून पाणी सुटं वाहू लागलं. पितळ आतून इतकं लख्ख झालं की गळतीच्या जागाही सापडल्या. दोनच होत्या, डाग देण्याजोग्या. बायकांनी नारळाच्या शेंडीने आणि राखेने हेडची काजळीही उतरवली. पण ग्यासकेटचा प्रश्न तसाच राहिला. फुटलेलं ग्यासकेट वाल्मीकने मांडीवर धरलं होतं. दोन विहिरींच्या मधली पट्टी जळून गेली होती.

"पुन्यात मिळंल," जयसिंग म्हणाला.

"उद्या पुनं बंद. दसरा हाय. तांब्याचा जाड पत्रा असता तर कापलं असतं. पर येवढा मोठा पत्रा आनायचा कुठनं?"

ऐकलं सगळ्यांनी. सगुणाबाईंचा पाण्याचा हंडा होता, पण तो सगळा पोटाचाच, उघडला तरी सपाट व्हायचा नाही. देव्हाऱ्यातलं ताम्हण हाताएवढं. आणि तिसरं तांबं घरात कुठे आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. ते न्हाणीत होतं. रंभाबाईने माहेराहून आणलेलं घंगाळ. उभ्या भिंतींचं, पितळी कड्यांचं, दर शनिवारी चिंचेने घासलेलं. त्यात ती कुणाला हात बुडवू देत नसे. जयसिंग मुंबईहून आला की त्यात कढत पाणी काढायचं आणि तो न्हायला की पुन्हा पालथं घालून ठेवायचं. मागायची हिंमत कमळला झाली नाही. कुणालाच झाली नाही.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. सगुणाबाईंनी आपल्या हाताने छिन्नी उचलली, डोळ्यांना लावली आणि वाल्मीकच्या हातात दिली. त्या छिन्नीला कापायला काही नव्हतं. तो ती धरून उभा राहिला.

तेवढ्यात न्हाणीकडून कड्यांचा आवाज आला. रंभाबाई घंगाळ कमरेवर घेऊन आली आणि तिने ते जयसिंगच्या पुढ्यात ठेवलं.

"उभं कापा," ती म्हणाली.

"आगं, ह्ये तुज्या आयनं..." जयसिंग.

"मला ठावं हाय कुनी दिलं."

"वयनी, नगं," वाल्मीक म्हणाला. "आन् गाडी न्हाईच चालली तर?"

"तर तुमी जाल मुंबईला, भावजी, आनि मंग ह्या घरात घंगाळं दोन लागतील." ती कमळकडे न बघताच बोलत होती. "माजा नवरा वरसातनं दोनदा न्हातो ह्याच्यात. येक डाव दसऱ्याला, येक डाव शिमग्याला. बाकी वरीसभर मी ह्येला घासत बसती. कशापायी सांबाळू? कापा."

ओट्यावर हैबततात्या होते. त्यांनी मान खाली घातली आणि धोतराच्या काठावरचा धागा ओढत राहिले.

वाल्मीकने छिन्नी टेकवली, पण हातोडा त्याच्याने उचलवेना. जयसिंगने त्याच्या हातून दोन्ही घेतलं. एकदा बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. पहिला घाव बसला तेव्हा घंगाळ घंटेसारखं वाजलं, आणि तो आवाज धरणाच्या पाण्यावरून पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. दुसऱ्या घावाला ते वाजलं नाही. चिरत गेलं.

भिंत उलगडून, ठोकून सपाट केली. आता भोकं कुठे पाडायची? जुनं ग्यासकेट ठेवून वाल्मीक आखू लागला, पण ते जळून वाकडं झालेलं, सरकत होतं. कमळने देवूच्या गालावरची तीट पाहिली. सकाळीच लावलेली, आता कमळच्या खांद्यावर तिचा गोल ठसा उठला होता.

ती आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली.

"ह्ये हेडला लावा," ती एकदाच, थेट नवऱ्याला म्हणाली. "समदीकडं. आन् तांब्यावर दाबा."

हेड दाबून उचललं तेव्हा तांब्यावर सगळं इंजिन उमटलं होतं. चार थोरले गोल, भोवती पाण्याची भोकं, तेलाची भोकं, चाक्यांची भोकं. काळ्या रेघांनी, जणू कुणी दारापुढे ठिपके मोजून काढलं. कमळ खाली बसली. इतक्या जवळून इतकं नेटकं तिने काहीच पाहिलं नव्हतं, देवूच्या हाताची नखं सोडली तर.

भोकं पडली. काठ घासले. मग तो पत्रा चुलीत लाल होईतो तापवला आणि पाण्यात बुडवला. लोखंड असं बुडवलं की कडक होतं. तांबं मऊ होतं. वाल्मीकने दाखवलं, तेव्हा सगुणाबाईंनी ते कोपऱ्यात वाकवून बघितलं आणि म्हणाल्या, "सुनांवानी हाय." कुणाला हसू फुटलं ते कळलं नाही, पण फुटलं.

हेड बसलं, चाक्या आवळल्या. गळतीला डाग देऊन रेडिएटर चढला, पाणी भरलं, नवं तेल ओतलं. जयसिंगने हँडल मारलं. इंजिन गुरगुरलं नाही की शिंकलं नाही. पुन्हा मारलं. हँडल उलटं फिरलं आणि त्याच्या मनगटाला झटका देऊन गेलं. उन्हाने ओट्याची पायरी गाठली होती. तात्या उठले, आत गेले आणि आपली पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांनी पिशवी दाराशी ठेवली, आणि जयसिंगची तिच्या शेजारी. तिसरी पिशवी आत खुंटीला होती. कमळने ती भरलीच नव्हती.

वाल्मीकने प्लग काढून बघितले. "वले हायेत. कालचं पानी." आणि तो घरात पळाला.

चुलीवर तवा होता, पुरणपोळीचा. रंभाबाईने पोळी उचलून बाजूला टाकली आणि चार प्लग तव्यावर मांडले. उलथन्याने फिरवत, शेंगदाणे भाजावेत तसे भाजले.

"काय काय भाजाय लावतील," सगुणाबाई म्हणाल्या, आणि जाळ सारला.

पदरात धरून प्लग खळ्यात आणले. वाल्मीकने ते गरम असतानाच बसवले, बोटं झटकत. जयसिंग हँडलशी वाकला. ह्या खेपेला त्याच्या हातावर रंभाबाईचा हात होता का, की तिला तसं फक्त वाटलं, हे कमळला नंतर कधी नक्की सांगता आलं नाही.

इंजिन खोकलं. एकदा. मग थांबलं, आठवल्यासारखं. आणि मग चालू झालं.

आवाजाआधी पायांना कळलं. जमीन थरथरू लागली. ओट्यावरच्या कळशीतल्या पाण्यावर बारीक वळी उमटली, आणि उमटतच राहिली. लिंबावरचे पक्षी उठले. मागच्या नळीतून आधी पांढरा, मग निळा, मग काहीच धूर आला नाही. वाल्मीक पाय दाबून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, सगळ्या वंगणाखाली, कमळने देवूचा चेहरा पाहिला. झोपेतून उठून पहिल्यांदा आपलीच मूठ बघताना तो जसा दिसला होता तसा. ती पुढे गेली आणि तिने बॉनेटवर तळवा ठेवला. आत कुठेतरी ते चार, दोन वर दोन खाली, इतक्या वेगाने की एकच गुणगुण व्हावी. आणि आग आणि पाणी यांच्या मधे एका बाईचं घंगाळ, करडाच्या कानाएवढं मऊ, दोघांना वेगळं धरून. देवू रडेल म्हणून तिने त्याला छातीशी घेतलं. तो रडला नाही. त्यानेही हात पुढे केला.

तात्या ओट्यावरून खाली उतरले. वाल्मीकने इंजिन बंद केलं नाही. त्याला भीती वाटत होती. तात्या ट्रकसमोर आले आणि उभे राहिले. आयुष्यभर लोकलगाड्यांच्या धडधडीत डबे वाहिलेला माणूस तो, त्याला इंजिनाचं काय नवल. पण त्यांच्या खिशात आपट्याची पानं होती. घरातले सगळ्यात थोरले पुरुष तेच. त्यांना सगळ्यांनी सोनं द्यायचं, त्यांनी कुणाला नाही. त्यांनी एक पान काढलं आणि दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्याला द्यावं तसं, बॉनेटवर ठेवलं. पान थरथरत राहिलं.

"माज्या बाच्या खाचराला असा आवाज न्हवता," ते म्हणाले. "पर मान्साला घरी धरून ठेवनारा वलावा असाच हुता." मग वर बघून, "वाल्मीक. आमाला पौडापातुर सोड."

आमाला. म्हणजे तात्या आणि जयसिंग. कमळने डोळे मिटले. उघडले तेव्हा जयसिंग दोन्ही पिशव्या मागच्या फाळक्यावर चढवत होता, आणि रंभाबाई वेशीकडे चालू लागली होती, दरसालासारखी. वेशीवरच्या दगडापर्यंत जायचं, पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं, आणि परत यायचं.

ट्रक तिच्या शेजारी येऊन थांबला.

"चडा, वयनी," वाल्मीक म्हणाला.

"मी कशाला?"

"जागा हाय."

"आक्का, चडा," मागून कमळ म्हणाली, देवूला घेऊन ती आधीच चढली होती. सगुणाबाईसुद्धा. रंभाबाईने आजवर ओलांडला नव्हता तो दगड एकदा बघितला, मग चाकावर पाय देऊन चढली आणि जयसिंगशेजारी, एक हाताचं अंतर ठेवून, उभी राहिली. खिंडीच्या चढाला सगळ्यांनी श्वास धरला. वाफ आली नाही. वळणावर ते हाताचं अंतर उरलं नाही.

पौडाला यष्टी उभी होती. जयसिंगने सखूसाठी पेढे घेऊन ते रंभाबाईच्या हातात दिले आणि तो चढला. तात्या शेवटी चढले. यष्टी पिरंगुटच्या दिशेने गेली, धूळ उठली, बसली. रडायची रीत वेशीवर होती; इथे, बाजारात, चारचौघांत, ती रीत कुणाला ठाऊक नव्हती.

परतताना रंभाबाई मागे चढली नाही. पुढे, वाल्मीकच्या शेजारच्या बाकड्यावर बसली. ट्रक निघाला. ती बराच वेळ समोरची काच बघत होती, आणि काचेपलीकडून येत राहणारा, संपायचं नाव न घेणारा रस्ता.

"भावजी," ती म्हणाली. "ही सडक तिकडं पुन्यातच थांबती का?"

"न्हाई, वयनी. फुडं जाती की. खंडाळा, मंग मुंबई."

रंभाबाईने पदर खांद्यावर घट्ट घेतला.

"आन् मुंबईत आंबेमोहोर खात्यात का वो?"